गुहागरच्या वाडीत कॅरव्हॅन लावताना

महाराष्ट्राचं कॅरव्हॅन, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या, पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं. पण गुहागर, वेळणेश्वर, हेदवी या पट्ट्यात मुक्कामाला जाताना वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असलेला तयार ओटा मिळेल असं धरून निघू नये. गाडी लागते ती कुणाच्या तरी घरगुती निवासाच्या वाडीत. फोनवर बोलताना ‘मोठी गाडी आहे’ एवढंच सांगितलं तर मालकांच्या डोळ्यांसमोर इनोव्हा येते. त्यापेक्षा मापं सांगा. ट्रॅव्हलर मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेली लांब गाडी सुमारे ७ मीटर लांब आणि २ मीटर रुंद असते, टपावरच्या एसीसकट उंची ३ मीटरच्या आसपास जाते. मग फाटकाची रुंदी, आत येणाऱ्या विजेच्या तारेची उंची, गिझरसाठी असतो तसा १६ अँपिअरचा प्लग आणि शोषखड्ड्याची जागा विचारून घ्या. फाटकाचा फोटो मागवला तर निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

कऱ्हाडकडून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, आणि तिथून सुमारे ४५ किलोमीटरवर गुहागर. घाटात पाण्याची टाकी भरून नेण्यात अर्थ नाही. १२० लिटर पाणी म्हणजे १२० किलोचं ओझं, आणि उतारावर ते ब्रेकला जाणवतं. गावात चारच्या आत पोचावं. अंधारात वर लोंबणारी तार दिसत नाही आणि झाडावर लोंबणारा नारळही.

मुख्य रस्ता सुटला की गाडी थांबवून पुढचा रस्ता पायी चालून बघा. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचा गडगा (कुंपणाची भिंत) असेल तर वळणावर मागची चाकं आतून कापत येतात, शिवाय मागच्या चाकांपलीकडचा भाग उलट बाहेर फेकला जातो. गडग्याला घासतो तो हाच भाग. फणसाची आडवी फांदी आणि घरात जाणारी टीव्हीची केबल बांबूने मोजा, पण विजेच्या तारेजवळ बांबूही नको. ओला बांबू वीज वाहतो.

आत आल्यावर चार गोष्टी बघून जागा ठरते: माड, तार, विहीर आणि शोषखड्डा. माड सगळ्यांत आधी. पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणारा, शेवटचा कधी येऊन गेला ते विचारा. महिना-दीड महिना नारळ उतरवले नसतील तर त्या माडाखाली गाडी लावू नका. नारळ सरळ खाली येतो, झावळी मात्र वाऱ्याबरोबर बाजूला जाते, म्हणून खोडापासून निदान ५ मीटर सोडा. दाट वाडीत तेवढी जागा नसते, तेव्हा खळ्याच्या (अंगणाच्या) कडेला लावायची परवानगी मागावी. सारवलेल्या खळ्यावर मात्र साडेतीन-चार टनांची गाडी चढवू नका. हिवाळ्यात तिथे सुपारी वाळत असते, मे महिन्यात आमसुलं.

गुहागरच्या किनाऱ्यालगतच्या वाड्यांत जमीन पुळणीची (वाळूची), वरून घट्ट आणि आत भुसभुशीत. चाकांखाली ५ सेंटिमीटर जाडीच्या लाकडी फळ्या टाका. जांभ्याचा चिरा नको, एका कडेवर भार आला की तो फुटतो. गाडीचं तोंड बाहेरच्या दिशेने ठेवा. उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवलं तर चाक स्वतःसाठी खड्डा खणतं. रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबत बसण्यापेक्षा चाकांतली हवा पाव हिश्श्याने कमी करून, पुढची वाळू उकरून हळू बाहेर काढा, आणि डांबरी रस्त्यावर पोचताच हवा भरा.

पातळी आधी आडवी, मग उभी. डाव्या-उजव्या चाकांत सुमारे पावणेदोन मीटर अंतर असतं, त्यामुळे २ अंशांचा कल म्हणजे जवळपास ६ सेंटिमीटर, एक फळी आणि वर थोडं. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजला पातळी सांभाळावीच लागते, कॉम्प्रेसरवाला तेवढा नाजूक नसतो. पातळी झाली की चाकांना पुढून-मागून ठोकळे लावून गाडी गिअरमध्ये ठेवा. मुक्काम लांबणार असेल तर सपाट जागी हँडब्रेक ओढून ठेवू नका, खाऱ्या हवेत लायनर ड्रमला चिकटतात.

विजेत मात्र घाई नको. जांभ्यात पाणी ठरत नाही, त्यामुळे फेब्रुवारीनंतर अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि प्लगमधली तिसरी पिन नावापुरती उरते. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये १०० वॅटचा टेस्ट लॅम्प लावून बघायचा, तोही हे काम येणाऱ्यानेच. तो पूर्ण पेटला तर ठीक, मिणमिणला तर अर्थिंग नाही. घराला आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर लॅम्प लावताच ती पडेल. तेही चांगलंच लक्षण, पण घरातले दिवे जाणार हे मालकांना आधी सांगून ठेवा. नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नका, तुटलेल्या अर्थवरही तो कसलेतरी व्होल्ट दाखवतो. लॅम्प मिणमिणला तर अर्थिंगच्या खड्ड्यात दोन-तीन बादल्या पाणी ओतून पुन्हा तपासा. गाडीत स्वतःची ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच.

केबल अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची, तीन तारांची. ३० मीटर केबलमधून १० अँपिअर घेतले तर तिच्यात साधारण साडेचार व्होल्ट जातात, १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत अकरा. संध्याकाळी आधीच व्होल्टेज उतरलेलं असतं, त्यात हे अकरा गेले की एसीचा कॉम्प्रेसर नुसता कण्हतो. रीळ पूर्ण सोडा, गुंडाळलेली केबल तापून वितळते. एसी ५ अँपिअर, गिझर ९, इंडक्शन ९: तिन्ही एकदम लावले तर १६ अँपिअरचा प्लग जळणारच.

पाण्यासाठी टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) खिशात ठेवा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा आहे. खाडीजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, तिथे मीटर लगेच बोलतो. जंतू मात्र त्यात दिसत नाहीत, म्हणून पिण्याचं पाणी उकळूनच घ्या. पंपाची नळी गाडीच्या जोडणीला थेट लावू नका, दाबाने आतले सांधे सुटतात. वरच्या टाकीच्या नळाने, ५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून, गाडीची टाकी तिच्या झाकणाच्या तोंडातून भरा.

भांड्यांचं आणि आंघोळीचं पाणी विचारून माडाच्या आळ्यात सोडता येतं, मात्र साबण कमी आणि रोज वेगळा माड. खरकटं गाळून घ्या, नाहीतर रात्री घुशी येतात. संडासाची २० लिटरची कॅसेट (काढता येणारी टाकी) दोघांना दोन-तीन दिवस पुरते. ती मालकांच्या परवानगीनेच कमोडमध्ये थोडी थोडी, मागोमाग पाणी ओतत रिकामी करा. कॅसेटमध्ये घालायचं फॉर्मल्डिहाइडचं निळं रसायन सेप्टिक टाकीतले जिवाणू मारतं आणि आपण गेल्यावर यजमानांची टाकी तुंबते. वहाळ, खाडी आणि विहिरीचा परिसर यांचा तर विचारही नको.

मुंग्या आणि हुमले केबलवरूनच गाडीत चढतात. केबल, नळी आणि चाकांखालच्या फळ्यांवर लक्ष्मणरेखा खडूचे पट्टे ओढा. जांभ्याच्या कातळावर आणि चिऱ्यांच्या ढिगात फुरसं हा विषारी साप असतो, तेव्हा ठोकळे आणि फळ्या उचलताना आधी काठीने हलवा, टॉर्च लावा, चपला नव्हे बूट घाला.

पुढे गणपतीपुळ्याला जायचं तर तवसाळ–जयगड फेरीने खाडी ओलांडता येते. खोल ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त उघडा पडतो, त्याच्यावर शेवाळ असतं, आणि बोटीच्या फळीशी कोन मोठा होऊन गाडीची मागची बाजू घासते. भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावरचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला साधारण तीनला पूर्ण भरती, अष्टमीला सहाला, आणि ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओहोटीही खोल जाते. लांब गाडीने भरतीच्या आगेमागे दोन तासांतली फेरी धरावी. बोटीवर चढण्याआधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद आणि फ्रिज बॅटरीवर. उतरताना पुढची गाडी धक्का पूर्ण चढून जाईपर्यंत आपली हलवू नका, अर्ध्या उतारावर थांबावं लागलं तर ओल्या शेवाळावरून पुन्हा उचलणं फार अवघड जातं.