सुरीला धार लावताना: कड उलटली का, ते बघा

बोथट सुरी टोमॅटोच्या सालीवरून घसरते, मग आपण जोर लावतो आणि तो जोर बोटावर उतरतो. धारदार सुरीला जोर लागतच नाही, म्हणून तिच्यानं कापून घ्यायची शक्यताही कमी.

आधी दगडाचं बघू. मराठवाड्यातल्या बऱ्याच घरांत सुरी ओट्याच्या शहाबादी फरशीच्या कडेला घासतात. शहाबादी हा चुनखडीचा दगड, पोलादापेक्षा मऊ. घासली की सुरी चकाकते, फरशीला काळी रेघ उठते, धार मात्र येत नाही. उंबऱ्याचा किंवा पाट्याचा काळा दगड त्याहून बरा. त्यावर खुरपं, इळा भागतो, पण त्याचे कण सारखे नसतात आणि पातळ पात्याला दाते पडतात. सुरीसाठी हार्डवेअरच्या दुकानातला दुहेरी कार्बोरंडम दगड घ्या: 8 इंच लांब, 2 इंच रुंद, 1 इंच जाड, एक बाजू भरड, दुसरी बारीक. पुढं हौस वाटली तर 1000 नंबरचा, म्हणजे आणखी बारीक कणांचा, घ्यावा. रोजच्या भाजीला त्यावर जायची गरज नाही.

दगड पाण्यात दहा मिनिटं बुडवा, बुडबुडे थांबले की काढा. टंचाईच्या दिवसांतही अडचण नाही, एक तांब्या पाणी पुरतं. तेल लावायचं असेल तर पहिल्या दिवसापासून तेलच, कारण तेल मुरलेला दगड पुन्हा पाणी धरत नाही. आणि घरात आहे म्हणून करडईचं तेल अजिबात नको. ते हवेवर सुकून चिवट होतं, दगडाची छिद्रं बुजतात आणि सुरी नुसती वरून सरकत राहते.

दगडाखाली ओलं फडकं चौपदरी घालून ठेवा. बोटानं ढकलून बघा. हलला तर सुरुवातच करू नका. दगड सरकला की जखम होते. उभं राहून, कमरेएवढ्या ओट्यावर, भरपूर उजेडात हे काम करा. लेकरं आणि फोन दोन्ही लांब.

आता कोन. बाजारच्या साध्या स्टीलच्या सुरीला 20 अंश ठीक. 15 अंशांची धार पहिल्या दिवशी फार छान वाटते, पण हे स्टील मऊ, चार दिवसांत ती दुमडते. अंश मोजत बसू नका. पात्याच्या रुंदीचा तिसरा हिस्सा इतकी पाठ दगडापासून वर उचला. पातं 3 सेंटिमीटर रुंद असेल तर 1 सेंटिमीटर, म्हणजे साधारण करंगळीच्या टोकाएवढी. मनगट घट्ट धरा, हालचाल खांद्यातून करा.

भरड बाजूनं सुरुवात. धार तुमच्याकडं, डाव्या हाताची दोन बोटं पात्यावर, धारेपासून अर्धा सेंटिमीटर मागं. सुरी पुढं ढकलताना दाब द्या, मागं आणताना सोडा. पातं पलटून धार पलीकडं केली की उलटं: आपल्याकडं ओढताना दाब. दोन्हीकडं नियम एकच, पाठ पुढं चालली असेल तेव्हाच दाब. किती दाब, ते स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बोटं दाबून एकदा बघून घ्या: किलोभर पुरे. मुठीकडचा भाग, मधला भाग, टोक, असे तीन हिस्से पाडून प्रत्येकावर पंधरा-वीस वेळा. टोकाच्या वळणावर मूठ जराशी उचला, नाहीतर टोक बोथट राहतं.

किती वेळ घासायचं, याला आकडा नाही. दगडाला लागलेल्या बाजूची कड वरच्या बाजूला उलटते आणि बारीक खरखर लागते. पाठीकडून धारेकडं, आडवा अंगठा हलकेच बाहेर काढून ती जाणवते. धारेच्या लांबीवरून बोट कधीही फिरवू नका. खरखर मुठीपासून टोकापर्यंत सलग लागली तरच पातं पलटा. बहुतेकांचं इथंच चुकतं: वीसदा मोजून पलटतात, कड उलटलेलीच नसते, मग म्हणतात दगड खराब.

कड उलटत नसेल तर धारेलगत मार्करची शाई लावून चार वेळा घासा. शाई वरच पुसली आणि अगदी काठावर राहिली, तर पाठ फार खाली आहे. नुसती काठावरच पुसली, तर पाठ फार वर.

पात्याच्या दोन्ही बाजू झाल्या की दगडाच्या बारीक बाजूवर तेच, पण दाब निम्मा. शेवटी एकदा ही बाजू, एकदा ती, नुसत्या सुरीच्या वजनानं आठ-दहा वेळा. मग जुन्या चामडी पट्ट्यावर किंवा दगडावर पसरलेल्या वर्तमानपत्रावर, पाठ पुढं ठेवून दहा वेळा ओढा. उलटलेली कड काढून टाकण्यासाठीच हे सगळं. ती राहिली तर सुरी पहिल्या दोन कांद्यांना उत्तम चालते आणि तिसऱ्याला बोथट होते.

मधून काळा चिखल साचतो तो धुऊ नका, तोही घासतो. दगड सुकला तर दोन थेंब पाणी टाका. पुसताना फडकं पाठीच्या बाजूनं धरा.

इळीचं वेगळं. तिथं पातं हलत नाही, दगड हलवायचा. घडीची असेल तर पातं पूर्ण उघडून पक्कं करा, पाटावर पाय रोवा, छोटा दगड बोटांच्या टोकांनी मागून धरा आणि धारेकडून पाठीकडं नव्हे, पाठीकडून धारेबाहेर न्या. बोटं दगडाच्या कडेखाली उतरू देऊ नका. खोबरं खवायच्या दात्यांना दगड लावू नये.

सायकलच्या चाकावर धार लावणाऱ्याकडं द्यायची असेल तर मध्येमध्ये पाण्यात बुडवायला सांगा. पात्याच्या काठावर निळी झाक आली म्हणजे स्टील 300 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलं, तिथलं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. त्या जागी धार टिकत नाही, निळा भाग झिजून जाईपर्यंत.

वर्षभरात दगड मधोमध खोलगट होतो आणि कोन बिघडतो. त्यावर पेन्सिलनं चौकटी आखा, सपाट शहाबादीवर 100 नंबरचा पॉलिश पेपर पसरून पाणी टाका आणि सगळ्या रेघा जाईपर्यंत दगड त्यावर घासा. शहाबादीचा उपयोग हा.