दोन पेरं खोल

नवशिक्याची बाग बहुतेक वेळा पाण्यात बुडून मरते. उन्हाने, किडीने, दुर्लक्षाने मरणारी झाडं असतातच. पण उत्साहाच्या भरात आणलेल्या पहिल्या पाच-सहा कुंड्यांचा जीव बहुधा मायेपोटी जातो. सकाळी चहाआधी एक तांब्या, संध्याकाळी कामावरून आल्यावर एक, आणि दुपारी घरातल्या आजींनी ‘सुकलंय बिचारं’ म्हणून ओतलेला तिसरा. आठवड्याभरात झाड मान टाकतं, खालची पानं पिवळी पडतात, आणि मग घरात एकमत होतं की पाणी कमी पडतंय.

यातली गंमत अशी की झाड खरोखरच तहानलेलं असतं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते आणि ती मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत असते. या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, काळी पडून कुजतात. कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही. म्हणजे कुंडीत चिखल आणि वर पानं कोरडी. अशा वेळी ओतलेला चौथा तांब्या शेवटचा ठरतो.

यावरचं अवजार प्रत्येकाकडे असतं. तर्जनी मातीत दोन पेरं खोल घालायची. बोट ओलं निघालं, माती चिकटून आली, तर तांब्या परत मोरीत. कोरडं निघालं तर मात्र हात आखडता घ्यायचा नाही. तळाच्या भोकातून पाणी गळेपर्यंत सावकाश घालायचं आणि ताटलीत साचलेलं ओतून टाकायचं. ठेवलं तर मुळंही कुजतात आणि डासही होतात. रोज वरवर शिंतोडे मारले की मुळं वरच्या थरातच घुटमळतात आणि पहिल्या कडक उन्हात झाड कोलमडतं. वेळापत्रक मागू नये. मे महिन्यात छोट्या कुंडीला दिवसातून दोनदा पाणी लागेल, थंडीत तीन-चार दिवसांआड पुरेल. आणि मे मधल्या दुपारी दोन वाजता झाड मरगळलेलं दिसलं तर संध्याकाळपर्यंत थांबावं. ऊन उतरल्यावर ते आपसूक ताठ झालं तर त्याला काहीही झालेलं नव्हतं. पानांतून पाणी जितक्या वेगाने उडत होतं तितक्या वेगाने मुळांना ते पुरवता येत नव्हतं, इतकंच.

कोल्हापुरात बागकामाचा अर्धा अभ्यास पाणी घालण्याचा नसून काढण्याचा आहे. पुनर्वसूचा पाऊस तरणा आणि पुष्याचा म्हातारा, असं म्हणतात. कुंडीतल्या तुळशीला दोघेही सारखेच जड जातात. मृग लागायच्या आधी कुंड्या विटांवर चढवाव्यात, ताटल्या काढून ठेवाव्यात आणि प्रत्येक कुंडीच्या बुडाच्या भोकात जाड तार फिरवून ते मोकळं आहे का बघावं. वर्षभरात मुळांनी ते हमखास बुजवलेलं असतं. तुळस, कोरफड आणि शेवंती वळचणीला न्याव्यात. जास्वंद, तगर, कढीपत्ता भिजले तरी चालतात. इथे दुसऱ्याचा सल्ला घेताना तो कुठला आहे हेही विचारावं. एकाच जिल्ह्यात गगनबावडा आणि शिरोळ आहेत, आणि दोन्हीकडच्या पावसाचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. शिरोळच्या मामांनी सांगितलेलं जुलैतलं पाणी गगनबावड्याच्या झाडाला घातलं तर संपलंच.

मातीचंही तसंच. नदीकाठाकडची काळी माती उसाला सोनं असली तरी कुंडीत एकटी भरू नये. ओली झाली की लोण्यासारखी चिकटते, सुकली की कडेने भेगाळते, आणि घातलेलं पाणी त्या भेगेतून सरळ खाली जातं. मूळ कोरडंच. ओल्या मातीची दोन तळव्यांत वळी करून बघावी. बोटभर लांब वळी न तुटता झाली तर तीत चिकण जास्त आहे. बारा इंची कुंड्या भरायच्या तर दोन घमेली माती (काळी असेल तर त्यातली निम्मी लाल), एक घमेलं कुजलेलं शेणखत, अर्धं घमेलं भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि अर्धं घमेलं जाडी वाळू. शिवाय दर कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, पण त्यात पोषण जवळपास नसतं; निव्वळ त्यात लावलेलं रोप महिन्याभरात फिकट पडतं. भोकावर खापरीचा तुकडा पालथा ठेवावा आणि वरून दीड-दोन इंच कुंडी रिकामी सोडावी. काठोकाठ भरली तर पाणी मातीत मुरायच्या आधीच बाहेर सांडतं.

शेणखताची या गावात वाण नाही, फक्त ते ताजं घेऊ नये. ताजं शेण कुजताना तापतं आणि कोवळी मुळं भाजतात. चांगलं खत काळं, भुसभुशीत, आणि नाकाजवळ नेलं तर पावसाळी मातीसारखा वास येणारं. कुंडीत ओतण्याआधी ते पाटीत पसरून चाळावं. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली, पांढरी, तपकिरी डोक्याची अळी दिसली तर ती हुमणी. उसाचं शेत आडवं करणाऱ्या अळीला आपली गुलाबाची कुंडी म्हणजे नाश्ता. रसवंतीच्या दारातलं चिपाड फुकट मिळतं म्हणून तेही लगेच कुंडीत घालायचा मोह होतो. त्यातल्या साखरेला मुंग्या येतात, आणि ते कुजवणारे जिवाणू मातीतला नत्र स्वतःसाठी ओढून घेतात, म्हणून झाड पिवळं पडतं. त्यापेक्षा उन्हाळ्यात वाळलेल्या पाचटाचा दोन इंच थर मातीवर घालावा. ओल टिकते. पावसाला सुरुवात झाली की मात्र तो काढायचा, नाहीतर खाली गोगलगायी संसार मांडतात.

कुंडी काय, कशाचीही चालते. पेठांतल्या जुन्या घरांच्या पायऱ्यांवर तुळस तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात असते आणि मोगरा रंगाच्या बादलीत, आणि दोघांचंही उत्तम चाललेलं असतं. डब्याला खिळ्याने सहा-सात भोकं पाडायची आणि उन्हाळ्यात भोवती ओलं पोतं गुंडाळायचं, कारण पत्रा तापतो.

जागा ठरवताना नवशिका एक दिवस ऊन बघतो आणि कुंड्या मांडून मोकळा होतो. सूर्य मात्र जागा बदलतो. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे बराच कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेची गॅलरी उन्हाने भरून जाते. मे च्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात तो भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते, आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेच्या अंगाला असतो. हिवाळाभर फुललेल्या दक्षिणेच्या गॅलरीला उन्हाळ्यात छताची सावली मिळते आणि उत्तरेच्या गॅलरीतलं सावलीप्रिय झाड अचानक करपतं. मिरची, टोमॅटो, गुलाब यांना सहा तास ऊन हवंच. चार तासांच्या जागेत पालेभाजी, पुदिना घ्यावा आणि गुलाबाचा हट्ट सोडावा.

पहिलं पेरायचं ते मेथी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब वर येतो, पंचवीस-तीस दिवसांत भाजी होते, आणि चूक व्हायला वेळच मिळत नाही. कपिलतीर्थ मंडईत पेंडी स्वस्त मिळते हे खरं, पण स्वतःच्या ट्रेमधल्या मुठीएवढ्या मेथीचा झुणका घरात तीन दिवस चर्चेला पुरतो. दुसरी कोथिंबीर, आणि इथे लोक हमखास फसतात. धना हे एक बी नसतं, दोन बिया एका टरफलात असतात. चपलेच्या तळाने किंवा लाटण्याने हलके रगडून ते दोन भाग सुटे करायचे, रात्रभर भिजवायचे, आणि अर्धा इंच खोल पेरायचे. उगवायला आठ ते बारा दिवस. पाचव्या दिवशी माती उकरून बघणाऱ्याला कोथिंबीर मिळत नाही. लक्ष्मीपुरीतून मसाल्यासाठी आणलेले धने उगवतात, जुने आणि भाजलेले नसले तर. ऑक्टोबर ते जानेवारी पेरावी. उन्हाळ्यात पानं धरायच्या आत फुलावर येते.

मिरचीने मात्र माणूस नादाला लागतो. रोपं चार-सहा पानांवर आली की एका बारा इंची कुंडीत एकच लावावं. तिथे तीन लावणारे आशावादी असतात. त्यांना तिन्हींची मिळून एकीएवढीसुद्धा मिरची मिळत नाही. शेणखत जास्त झालं तर झाड पानांनी गच्च भरतं आणि फूल धरत नाही. कडक उन्हाळ्यात फुलं गळतात, तिथे इलाज सावलीचा, खताचा नाही. पानं वळून आकसली की सगळे चुरडा-मुरडा म्हणतात, पण पान वरच्या बाजूला होडीसारखं वळलं असेल तर सहसा फुलकिडे, खाली वाकलं असेल तर कोळी नावाची बारीक कीड. दोन्ही पानाच्या खालच्या बाजूला असतात आणि आपण फवारा वरून मारतो. एक लिटर कोमट पाण्यात आधी एक मिली पातळ साबण, मग पाच मिली नीमतेल, खळखळून हलवायचं, आणि संध्याकाळी पानांच्या पोटावर फवारायचं, आठवड्याने पुन्हा. भर उन्हात मारलं तर पानं भाजतात. देठावरून मुंग्यांची रांग वर जाताना दिसली तर मुंग्यांना दोष देऊ नये. वर मावा किंवा पिठ्या ढेकूण आहे, त्याच्या गोड चिकट्यासाठी त्या चालल्या आहेत.

राहिली फांदी मागण्याची गोष्ट. चोरून आणलेलं झाड जोमाने वाढतं, असं बायका पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या आहेत. त्यात तथ्य एवढंच की चोरी सहसा पावसाळ्यात होते. हवा दमट असते, फांदीतलं पाणी उडत नाही, आणि घाईत मोडलेली फांदी कोवळी नसून जरा जून असते. विचारून आणली तरी तितकीच जगते. जास्वंद, तगर, मोगऱ्याची पेन्सिलीएवढी जाड, सहा-आठ इंचांची फांदी घ्यावी, तीन-चार डोळे, म्हणजे कोंब फुटतात ते उंचवटे, असलेली. खालचा काप डोळ्याच्या जरा खाली, तिरका. वरची दोन पानं ठेवून, तीही अर्धी कापून, बाकी काढावीत. दोन डोळे मातीत, कुंडी सावलीत. आठ-दहा दिवसांत वर हिरवा कोंब फुटला की नवशिका घरभर सांगत सुटतो. तो कोंब फांदीतल्या साठ्यावर आलेला असतो, खाली मूळ असेलच असं नाही, आणि म्हणूनच उपटून बघू नये. उपटताना नुकती फुटलेली पांढरी मुळं तुटतात. तीन-चार आठवड्यांनी दोन बोटांत धरून अगदी हलका ताण द्यावा. फांदी सहज वर आली तर अजून थांबायचं. मातीने धरून ठेवली तर पंधरा दिवसांनी सकाळच्या उन्हात न्यायला हरकत नाही.