तुम्ही विचारलंत म्हणून: तेल असून नायजेरिया गरीब का?

मी नायजेरियात, लेगॉस शहरात नोकरी केली हे कळलं की लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न येतोच. आणि मागोमाग, "लोकच आळशी असतील." असं म्हणणाऱ्याने पहाटे चारला तिथल्या बसथांब्यावर उभं राहून दाखवावं!

माझं उत्तर साधं आहे. ज्याच्याकडून कर घ्यावा लागत नाही, त्याला सरकार हिशोब देत नाही. तेलाचा पैसा वरच्या वर राजधानी अबुजाला येतो आणि दर महिन्याला केंद्र नि राज्यं तो वाटून घेतात. मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर सनुसी यांनी तेलाच्या हिशोबातले 20 अब्ज डॉलर कुठे गेले असं विचारलं, तर 2014 मध्ये त्यांनाच निलंबित केलं.

पण खरं सांगायचं तर या उत्तराची घमेंड 2012 च्या जानेवारीत उतरली. कच्चं तेल विकायचं, सरकारी रिफायनऱ्या आजारी म्हणून पेट्रोल बाहेरून आणायचं आणि ते अनुदान देऊन स्वस्त विकायचं, असा तेव्हा तिथला कारभार होता. 1 जानेवारीला अनुदान काढलं. 65 नायरांचं (नायरा हे तिथलं चलन) पेट्रोल रातोरात 141 वर. मी गाडीत ड्रायव्हरला म्हटलं, बरंच झालं, न आलेल्या पेट्रोलचंही अनुदान लोक लाटतात, आता तो पैसा दवाखान्यांना जाईल.

"ओगा (म्हणजे साहेब), तिथपर्यंत नेणार कोण?" तो म्हणाला. "तेलातलं माझ्या घरी एवढंच येतं, जनरेटरमधलं पेट्रोल."

त्याची बायको थंड पाण्याचे पाऊच विकायची. वीज नावाला, त्यामुळे फ्रीझर जनरेटरवर. मी तेल असून श्रीमंत असलेल्या नॉर्वेचं उदाहरण दिलं (दुसऱ्याच्या देशाला नॉर्वे दाखवायला आपल्याला फार आवडतं). नॉर्वेत तेलाआधी संसद होती, कर होते, जाब विचारणारे लोक होते. नायजेरियात मात्र तेल आधी आलं: ते 1956 ला सापडलं, स्वातंत्र्य 1960 ला आलं. अनुदान काढल्याविरुद्धचा देशव्यापी संप आठवडाभर चालला, भाव 97 वर आला. तोवर बाईंनी फ्रीझर विकला होता.

तरी अनुदान चूकच होतं असं मी आजही म्हणतो. आणि ड्रायव्हरचंही म्हणणं खोडता येत नाही. 2023 मध्ये राष्ट्राध्यक्ष टिनुबूंनी शपथविधीच्या दिवशीच ते बंद केलं, पेट्रोल जवळजवळ तिप्पट झालं, राज्यांचे मासिक वाटे फुगले. फोनवर ड्रायव्हरला दवाखान्याचं विचारलं तर तो हसला, आणि मुलाला कॅनडाला पाठवायला किती पैसे लागतील ते विचारू लागला.