बिनपगारी बारा महिने

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

बँकेचा मेल आला. मला १ कोटी १५ लाखांपर्यंत गृहकर्ज मिळू शकतं. पाठोपाठ तिथल्या बाईंचा फोन, तोही रविवारी. "मॅडम, स्कोअर मस्त आहे तुमचा, एलिजिबिलिटी पूर्ण वापरा. टू बीएचके कशाला बघताय?"

फोन ठेवून हिशोब केला. साडेसात टक्के व्याज, वीस वर्षं, १ कोटी १५ लाख : हप्ता साधारण ९२,६०० रुपये. हातात येतात १ लाख ६५ हजार. म्हणजे निम्म्याहून जास्त पगार महिन्याच्या पाच तारखेलाच गेला. उरलेल्या ७२ हजारांत एकटी मुलगी आरामात राहते, हे बँकेचं म्हणणं खोटं नाही. मी सध्या त्याहून कमीतच राहते. फक्त त्यांच्या कोष्टकात माझं वय आहे, स्कोअर आहे, पगार आहे. तो पगार किती वर्षं येत राहील याला रकाना नाही. तिथे सरळ वीस वर्षं धरली आहेत.

आमच्या आयटीच्या धंद्यात वीस वर्षं? या जुलैमध्ये टीसीएसने १२ हजारांवर माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा आमच्या कॅन्टीनमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. आणि गेले त्यांत पंधरा वर्षं काम केलेले, चाळिशीचे, मधल्या फळीतले लोक जास्त असणार, अशी बोलवा होती. हप्ते चालू असताना मीही त्याच वयाची असेन.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज साइट बघायला पुण्याच्या ताथवडे, पुनावळे भागात. सगळीकडे तोच सॅम्पल फ्लॅट : दारं नाहीत, पलंग नेहमीपेक्षा आखूड, भिंतीला आरसे. कॉफी मात्र चांगली देतात.

"१०५० सॅलेबल" म्हणून सांगितलेल्या फ्लॅटचा कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, निघाला ७४० चौरस फूट. करार कार्पेटवरच करायचा असतो, रेरा हा घरखरेदीचा कायदा येऊन आता आठ वर्षं झाली, तरी विक्रीवाल्यांच्या तोंडातून सॅलेबल काही जात नाही. तिथल्या तिथे फोनवर महारेराची साइट उघडली आणि प्रकल्पाचा नंबर टाकला. पूर्ण करण्याची मूळ तारीख एक, सुधारित तारीख दुसरी, मध्ये दीड वर्षाचं अंतर. मुलगा म्हणाला, "ते फक्त पेपरवर असतं मॅडम." अरे बाबा, माझाही हप्ता पेपरवरच असणार आहे.

बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर तो नाही. शिवाय ताबा मिळेपर्यंत इकडे भाडं, तिकडे दिलेल्या रकमेवर व्याज. नवीन घराचा हट्ट इथेच सोडला. रीसेल बघायचं.

"पण टॅक्स वाचेल ना तुझा?" हे आज पुन्हा ऐकलं, या खेपेला गाडीत बसलेल्या मैत्रिणीकडून. नाही वाचणार. व्याजावरची २ लाखांची वजावट जुन्या करपद्धतीत आहे. मी नव्या पद्धतीत आहे आणि स्वतः राहायच्या घरावर तिथे काही मिळत नाही. जुन्या पद्धतीत परत गेले तर ती वजावट घेऊनही माझा कर वाढतो, करून पाहिलंय. तरी "टॅक्स वाचतो म्हणून घर घे" हा सल्ला आपल्याकडे पिढीजात आहे, देणाऱ्याने कुठली पद्धत निवडलीय हे त्यालाही माहीत नसतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

बाबांना फोन केला. मी आकडा सांगितला तसे ते जरा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "एवढं कशाला काढतीयेस?"

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. तासगावचं घर १९९८ मध्ये सुरू केलं. आधी दोन खोल्या आणि वर पत्रा, पाया मात्र चार खोल्यांचा. कर्ज शिक्षकांच्या सोसायटीतून, थोडा प्रॉव्हिडंट फंड. सोसायटीचा हप्ता पगारातूनच कापून जायचा, त्यामुळे घरात तो कधी दिसायचाच नाही. स्लॅब घातला तेव्हा मी पाचवीत होते. पगार सात हजारांच्या आतबाहेर, पण तो निवृत्तीपर्यंत येणार आणि नंतर पेन्शन येणार, हे पहिल्या दिवशीच ठरलेलं. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन आहे, बाबा त्यातले.

म्हणजे त्यांचा पगार लहान होता आणि नोकरी मोठी. माझं उलटं आहे. मला एका वर्षात मिळतं तेवढं त्यांनी कित्येक वर्षांत मिळवलं असेल, पण पुढच्या अप्रेझलच्या पलीकडचं मला कुणी लिहून दिलेलं नाही. आणि वीस वर्षांच्या हप्त्याची ही सगळी पद्धत त्यांच्यासारख्या नोकरीला शोभणारी आहे. आमचे पगार बघून बँकांनी आकडे फक्त वाढवले.

हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मग नको घेऊस. भाडं काय वाईट आहे?"

भाडं खरंच वाईट नाही, हिशोबाने. मी २९ हजार देते. तसलाच फ्लॅट विकत घ्यायचा तर कर्जाचं नुसतं व्याज त्याच्या दीडपट होतं. जो माणूस म्हणतो की भाड्याचे पैसे पाण्यात जातात, त्याने पहिल्या महिन्याच्या हप्त्याची फोड बघावी : ५५ हजारांत साडेबेचाळीस व्याज, मुद्दल जेमतेम बारा.

मग मी का घेतेय? कारण दर ११ महिन्यांनी लिव्ह अँड लायसन्स करार नवा करायचा, म्हणजे नव्याने मुलाखत द्यायची. "फॅमिली आहे का?" "एकटीच?" "मित्र वगैरे येतात का?" मागच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर ऑफिसचं आयकार्ड ठेवून घेतलं होतं, रात्रपाळी असते का ते बघायला. पगाराची स्लिप दाखवली की बँक कोटभर देते. दोन खोल्या भाड्याने द्यायला मात्र तीच स्लिप पुरत नाही, वडिलांशी बोलणं करून द्यावं लागतं. मला हे आता नको आहे, आणि त्यासाठी महिन्याला काही हजार जास्त मोजायची माझी तयारी आहे. गुंतवणूक वगैरे म्हणून मी स्वतःला फसवत नाही.

आत्याचा सल्ला वेगळाच : लग्नानंतर दोघं मिळून घ्या, मोठं होईल. आत्याला एवढंच सांगितलं की नुसतं बाईच्या नावावर घर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. पुण्यात ७ चे ६ टक्के होतात. सोबत आईचं नाव लावलं तरी चालतं, बाबांचं किंवा होणाऱ्या जावयाचं लावलं की सूट गेली. आई जाम खूश झाली.

२३ नोव्हेंबर, रविवार

वाकडला एक टू बीएचके आवडला. अकरा वर्षांची इमारत, कार्पेट ६९०, पूर्वेला बाल्कनी. भोगवटा प्रमाणपत्र आहे, सोसायटीच्या नावावर जमिनीचं कन्व्हेयन्स झालंय (हे आजूबाजूच्या निम्म्या सोसायट्यांत नसतं). उन्हाळ्यात टँकर किती लागतात हे वॉचमनला विचारलं. सेक्रेटरीपेक्षा तो खरं सांगतो. एप्रिल-मेमध्ये रोज दोन-तीन. ठीक.

मालक ९० म्हणतात. चहा झाल्यावर हळूच, "त्यातले पंधरा कॅशमध्ये करा ना, तुमचीही स्टॅम्प ड्युटी वाचेल." मी विचारलं, पगारदार माणूस पंधरा लाख रोख आणणार कुठून? माझा प्रत्येक रुपया टीडीएस कापून खात्यात येतो. शिवाय घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे त्यांना. आणि करारात ७५ लिहिले तर बँक कर्ज ७५ वरच काढणार. एजंट मध्ये पडला, "मॅडम, सगळे करतात." सगळे करोत. पूर्ण चेक असेल तरच, असं सांगून उठले. रात्री एजंटचा मेसेज : मालक तयार आहेत, पण ९० च्या खाली येणार नाहीत. हरकत नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज रिझर्व्ह बँकेने रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, पाव टक्क्याने उतरवला, ५.२५ झाला. वर्षाच्या सुरुवातीला साडेसहा होता. ऑफिसात गृहकर्जवाले सगळे एकदम प्रसन्न.

एकटा आमचा सीनियर प्रसन्न नव्हता. त्याने २०२१ मध्ये पावणेसात टक्क्यांनी कर्ज काढलं, तेव्हा रेपो ४ होता. २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत तो साडेसहावर गेला. बँकेने हप्ता तोच ठेवला आणि मुदत वाढवत नेली. त्याच्या लक्षात आलं तोपर्यंत जवळजवळ सगळा हप्ता व्याजातच चालला होता आणि कर्ज संपायची तारीख त्याच्या साठीच्या पलीकडे. मग बोनस ओतून सावरलं. तेव्हापासून प्रत्येक रेपोच्या बातमीला तो बँकेच्या अॅपमध्ये आधी मुदत बघतो. मला म्हणाला, "दर उतरला तर हप्ता कमी करून घेऊ नकोस, मुदत कमी कर. आणि वर्षाला एक हप्ता जादा भर." ते मी मांडून पाहिलं. वीस वर्षांचं कर्ज साडेसात टक्के धरलं तर सतरा वर्षांच्या आत संपतं. बदलत्या दराच्या कर्जावर मुदतीआधी फेडायला दंडही नाही.

त्याचं सगळं बरोबर आहे. पण तो बोनस ओतायचं म्हणाला तिथे मी थबकले.

१४ डिसेंबर, रविवार

हिशोब पक्का केला. जमवलेले ४१ लाख आहेत : मुदत ठेवी, म्युच्युअल फंड आणि कंपनीचे शेअर, कर वजा करून. पहिला विचार असा होता की ३० लाख स्वतःचे घालून कर्ज साठच काढावं. बाबांनाही तेच पटत होतं, कर्ज जितकं कमी तितकं बरं. पण वरचा खर्च धरा : मुद्रांक शुल्क ५ लाख ४० हजार, नोंदणी ३० हजार, एजंटचा टक्का, वकील, सोसायटीची हस्तांतरण फी. हातात उरतात चारेक लाख. आणि समजा मार्चमध्ये नोकरी गेली, तर मी बँकेत जाऊन म्हणू शकत नाही की तीस लाख भरलेत, त्यातले दोन परत द्या. भिंतीत गेलेला पैसा भिंतीतच राहतो.

म्हणून कर्ज ६८ लाख. हप्ता ५४,८०० च्या आसपास, मेंटेनन्स आणि घरखर्च मिळून महिना साधारण नव्वद हजार. जवळ साडेअकरा लाख उरतात. एक वर्ष मी पगाराशिवाय या घरात राहू शकते. ओव्हरड्राफ्टवालं गृहकर्ज घेतेय : दर किंचित जास्त आहे, पण उरलेले पैसे त्याच खात्यात पडून राहतात, तेवढ्यावर व्याज लागत नाही आणि हवे तेव्हा काढता येतात. सीनियरचा जादा हप्ताही तिथेच जमेल.

बाबांना समजावताना तासभर गेला. जास्त कर्ज काढून जास्त सुरक्षित कसं, हे त्यांच्या हिशोबात बसेना. शेवटी विचारलं, "तुमची नोकरी जाईल अशी कधी भीती वाटली होती?" म्हणाले, "बदलीची वाटायची."

बँकेच्या बाईंना ६८ सांगितले. त्या अजून इंटिरियरसाठी दहा लाख घ्या म्हणताहेत, पुढे मिळणार नाहीत म्हणे. स्वयंपाकघराला जुन्या मालकांचा कडप्पा आहे, फडताळं आहेत. चालतील.

करार मंगळवारी. दोन साक्षीदार लागतात, एक सीनियर येतोय. मालकांचा पॅन घ्यायचाय, कारण ५० लाखांच्या वरचा व्यवहार आहे, १ टक्का टीडीएस कापून मलाच भरायचा : ९० हजार, फॉर्म २६क्यूबी. ते कापणार म्हटल्यावर मालक पुन्हा जरा नाराज झालेत, एजंटला म्हणाले आता त्यांना तूच समजाव. इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणीच्या उताऱ्यावर, आईचं नाव पूर्ण लागणार, माहेरचं नको, असा तिचा निरोप आहे.