गिरगावचं वाचनालय, एक ४०४ आणि साडेपाच तास

गिरगावातल्या एका जुन्या वाचनालयाचा सर्व्हर मी सांभाळतो. त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे आणि पुस्तकांच्या देवघेवीचं कोहा हे सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं. पावसाळ्याआधी कार्यकारिणीने ठरवलं, की जुने वार्षिक अहवाल स्कॅन करायचे, आणि नुसती चित्रं नकोत, त्यांत शब्द शोधता आला पाहिजे. मुंबईच्या दमट हवेत त्या अहवालांच्या कडा हातात तुटून येतात, म्हणून काम लांबवण्यात अर्थ नव्हता.

यासाठी दोन पॅकेजं पुरतात: स्कॅनवर शोधण्याजोगा मजकूर चढवणारं ओसीआर-माय-पीडीएफ, आणि अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्टची मराठीची फाइल. दोन्ही डेबियनच्या भांडारात, म्हणजे सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन साठ्यात, आहेत. इन्स्टॉलची कमांड दिली, बाकीच्या फाइली भराभर उतरल्या आणि त्यांना लागणाऱ्या घोस्टस्क्रिप्ट या पॅकेजपाशी ४०४ आला, म्हणजे त्या पत्त्यावर फाइल नाही. खाली डेबियनवर पॅकेजं बसवणाऱ्या एपीटीची नेहमीची सूचना: ‘एपीटी अपडेट’ने पॅकेजांची यादी ताजी करून बघा, नाहीतर ‘फिक्स मिसिंग’ लावा. ‘फिक्स मिसिंग’ने काही दुरुस्त होत नाही. जी फाइल मिळत नाही ती सोडून बाकीचं बसवता येतं का, एवढंच ते बघतं. इथे तर ओसीआर-माय-पीडीएफचं घोस्टस्क्रिप्टशिवाय पानही हलत नाही.

४०४ आला की बरेच जण आधी मिरर, म्हणजे फाइली देणारा सर्व्हर, बदलतात. पण बाकी सगळं त्याच नेटवरून उतरत असेल, तर आधी आपल्याकडची यादी शिळी आहे का ते बघावं. घोस्टस्क्रिप्टला सुरक्षेचे पॅच वारंवार येतात. नवा पॅच आला की जुन्या आवृत्तीची फाइल सुरक्षा भांडारातून काढली जाते. आपली यादी जुनी असेल तर एपीटी त्या काढलेल्या फाइलचा पत्ता घेऊन जातं आणि रिकाम्या हाताने परत येतं.

म्हणून अपडेट चालवलं. मुख्य भांडाराची यादी बिनतक्रार आली. सुरक्षा भांडारावर मात्र एरर होता: ही रिलीज फाइल अजून वैध नाही, आणखी २ तास ५० मिनिटांनी वैध होईल, तोवर या भांडारातले बदल घेतले जाणार नाहीत.

ही ओळ मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यात आकडा आहे. रिलीज फाइल भांडाराच्या यादीसोबत येते. तिच्यावर ती तयार झाल्याची तारीख-वेळ लिहिलेली असते आणि त्या मजकुरावर डेबियनची सही असते. ती वेळ सर्व्हरच्या घड्याळाच्या पुढे निघाली, तर एपीटी यादी नाकारतं. मुख्य भांडाराची यादी पॉइंट रिलीज, म्हणजे जमलेल्या दुरुस्त्यांची एकत्र आवृत्ती, आली तरच बदलते, त्यामुळे तिची तारीख नेहमीच जुनी असते आणि ती अडत नाही. सुरक्षेची यादी ताजी, म्हणून नेमकी तीच अडली.

माझ्या मनगटावर दुपारचे दोन वाजले होते. सर्व्हरला वेळ विचारली, तर सकाळचे साडेआठ. साडेपाच तासांचा फरक दिसला की आपल्याकडे कुणीही म्हणेल, सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर, आहे. इथेच थांबून नीट बघावं लागतं. सर्व्हर खरोखर यूटीसीवर असता, तर साडेआठ ही बरोबर वेळ होती आणि एपीटीने चकार शब्द काढला नसता. टाइमझोन फक्त दाखवण्यापुरता असतो, तुलना यूटीसीतच होते. पण या साडेआठापुढे आयएसटी, म्हणजे भारतीय वेळ, लिहिलं होतं. यूटीसी वेळ वेगळी मागितली, तर पहाटेचे तीन. म्हणजे घड्याळच खरोखर मागे होतं.

मग वेळेची सगळी माहिती देणारी टाइमडेट-सीटीएल ही कमांड चालवली आणि उलगडा झाला. हार्डवेअरचं घड्याळ (सुरू होताना सर्व्हर ज्याच्यावरून वेळ घेतो ते) ८:३० दाखवत होतं, म्हणजे यूटीसीप्रमाणे अगदी बरोबर. पण शेवटच्या ओळीत, हार्डवेअरचं घड्याळ स्थानिक वेळेवर आहे का, याचं उत्तर ‘येस’ होतं. सर्व्हर ते बरोबर साडेआठ उचलत होता आणि भारतीय वेळ म्हणून धरत होता. सेटिंग्जच्या इटीसी फोल्डरमधल्या ॲडजटाइम फाइलच्या तिसऱ्या ओळीत ‘यूटीसी’ असायला हवं, तिथे ‘लोकल’ होतं. हा सर्व्हर आधी एका जुन्या डेस्कटॉपवर होता. त्या यंत्रावर पूर्वी हार्डवेअरचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवणारं विंडोज असल्याने तिथे ते ‘लोकल’ योग्यच होतं. पुढे तीच डिस्क जशीच्या तशी नव्या यंत्रावरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या यंत्रात, आली. हे व्हर्च्युअल मशीन घड्याळ यूटीसीत देतं, आणि ती एक ओळ तशीच राहिली.

नेटवरून घड्याळ जुळवणाऱ्या एनटीपीने हे एरवी केव्हाच सरळ केलं असतं. सेवा चालू होती, पण घड्याळ जुळल्याची नोंद नव्हती. एनटीपी यूडीपी १२३ या पोर्टवरून चालतं, म्हणून फायरवॉल बघणाऱ्या मुलाला फोन लावला.

‘अरे, यूडीपी १२३ बाहेर जातं का बघ ना.’

‘नाही सर, वेबचे ८० आणि ४४३ सोडून बाहेर काहीच सोडलेलं नाही. कमिटीनेच सांगितलंय तसं.’

नियम चांगलाच आहे, तो मोडायची गरज नव्हती. फायरवॉल स्वतः एनटीपी देऊ शकत होता. त्याने ती सेवा आतल्या नेटवर्कपुरती चालू केली आणि सर्व्हरवर एनटीपीने वेळ जुळवणाऱ्या टाइमसिंकच्या फाइलमध्ये मी फायरवॉलचा पत्ता टाकला. टाइमसिंक मात्र लगेच रीस्टार्ट केलं नाही, कारण काउंटरवर देवघेव चालू असताना वेळ एकदम बदलायला नको होती.

तोवर पाच वाजले. अपडेट पुन्हा चालवलं आणि यादी आली. कुणी काही केलं म्हणून नव्हे, मधले २ तास ५० मिनिटं उलटली म्हणून. घोस्टस्क्रिप्टसह सगळं बसलं. ग्रंथपालबाई म्हणाल्या, ‘सर, चाललं ना आता? मग घड्याळाला कशाला हात लावताय?’ असे दोष वर्षानुवर्षं टिकतात ते यामुळेच. संध्याकाळी बघितलं तर सगळं ठीक, सकाळी नवी यादी आली की पुन्हा अडतं, आणि सगळे नेटला दोष देतात.

तारखेची तपासणी बंद करायचा एक पर्याय एपीटीला देता येतो, आणि तो सर्रास सुचवला जातो. मी तो लावत नाही. सुरक्षेच्या यादीवर तयार झाल्याची वेळ असते तशी मुदतही असते. सही खरी असलेली पण जुनी यादी मधल्या कुणी पुन्हा पुन्हा पुढे करून आपल्यापासून पॅच लपवू नयेत, म्हणून ती असते. त्या मुदतीला अर्थ राहतो तो घड्याळ बरोबर असेल तरच.

बाईंना मी बॅकअपचं सांगितलं. पहाटे चारला लागणारा बॅकअप प्रत्यक्षात साडेनऊला लागत होता. दहाला काउंटर उघडला की कोहा अडखळतं, ही त्यांचीच जुनी तक्रार. त्या लगेच म्हणाल्या, ‘मग करा, आजच करा.’ इतके दिवस हे लक्षात आलं नाही त्याचं कारणही साधं आहे. वाचनालय दहा ते आठ उघडं असतं, त्या वेळात साडेपाच तास मागे गेलं तरी तारीख तीच राहते. देवघेवीच्या तारखा बरोबर पडत होत्या, आणि लॉगमधल्या वेळा यूटीसीच्या असतील असं सगळे धरून चालले होते.

आठला बंद झाल्यावर काम केलं. इथे क्रम सांभाळायचा. टाइमडेट-सीटीएलला नुसतं ‘सेट लोकल आरटीसी शून्य’ (हार्डवेअरचं घड्याळ स्थानिक वेळेवर नाही) म्हटलं, तर ते चुकलेली सिस्टिमची वेळ हार्डवेअरच्या घड्याळात लिहितं, म्हणजे बरोबर होतं तेही बिघडतं. सोबत ‘ॲडजस्ट सिस्टिम क्लॉक’ दिलं की उलट होतं, सिस्टिम हार्डवेअरवरून वेळ घेते. तसंच केलं, मग टाइमसिंक रीस्टार्ट केलं आणि घड्याळ जुळल्याची नोंद आली. ठरल्या वेळी कामं लावणाऱ्या क्रॉनची भीती नव्हती. तीन तासांपेक्षा मोठी उडी डेबियनचं क्रॉन घड्याळाची दुरुस्ती समजतं आणि मधली कामं मागाहून लावत बसत नाही. सर्व्हर रीबूट करूनही पाहिला, वेळ टिकली.

दुसऱ्या दिवशी दहाला काउंटर अडखळला नाही. अहवालांचं ओसीआर, म्हणजे अक्षरओळख, हेही सुरू झालं. मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा एकत्र दिल्या की मजकुराची पानं बऱ्यापैकी वाचली जातात. छापखान्याच्या घासलेल्या खिळ्यांची जोडाक्षरं तेवढी तपासावी लागतात. जमाखर्चाच्या तक्त्यांमध्ये मात्र आकडे रकाने सोडून पळतात, म्हणून ती पानं बाजूला काढली आहेत. ती हातानेच टंकायची असं ठरलंय.