हिगुचींच्या समीकरणात पटल नाही

फ्रान्झ सेलवर (वर जेल, खाली द्रव आणि मध्ये पटल असलेल्या काचेच्या उपकरणावर) जेलमधून औषध सुटण्याची चाचणी लावली आणि सुटलेले औषध काळाच्या वर्गमुळासमोर आलेखावर मांडले की पहिल्या नमुन्याचा बिंदू पुष्कळदा रेषेच्या खाली पडतो. उमेदवारीच्या काळात मी त्याचा दोष स्वतःच्या पिपेटला देत असे आणि आलेखावरची रेषा शून्यातून ओढून मोकळा होत असे. दोष पिपेटचा नव्हता, हे मला औषध सुटण्याचे गणिती प्रारूप स्वतः मांडून पाहिल्यावर उमगले.

ताकेरू हिगुची यांनी 1961 मध्ये मलमात कणरूपाने मिसळलेल्या औषधासाठी जे गणित मांडले, त्यानुसार बाहेर पडलेले औषध काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, कारण पृष्ठभागाजवळचा थर रिता होत जातो आणि मागच्या रेणूंना उत्तरोत्तर लांबची वाट चालावी लागते. विरघळलेल्या औषधाचे सूत्र वेगळे असले, तरी सुरुवातीच्या टप्प्यात वर्गमूळ तेथेही टिकते. मात्र या मांडणीत मलमाच्या पृष्ठभागावरच औषधाची संहती शून्य धरलेली असते. आपल्या सेलमध्ये तेथे सच्छिद्र पटल बसवलेले असते, आणि त्याचा अडथळा जाडी, छिद्रांचे प्रमाण व त्यांच्या वाटांचा नागमोडीपणा यांवरून ठरतो.

हा अडथळा समीकरणात घातला की गंमत दिसते: सुरुवातीचा वक्र भाग ओसरल्यावर रेषेचा उतार तोच राहतो, फक्त सबंध रेषा खाली सरकते. जेलमधील आणि पटलातील परिणामी विसरणक्षमता (औषध प्रत्यक्षात किती सहज पसरते ते माप) सारखी धरली, तर ही घट पटलाइतक्या जाडीच्या जेलमध्ये जेवढे औषध असते तेवढी भरते. जेलचा थर 2 मिलिमीटर आणि पटल 100 मायक्रॉन असेल, तर हे एकूण औषधाच्या 5 टक्के झाले. वर्गमुळाचा नियम विरघळलेल्या औषधासाठी साधारण 30 टक्के औषध सुटेपर्यंतच लागू धरतात, हे पाहता ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. अशी रेषा शून्यातून ओढली तर उतार खोटा कमी येतो, आणि जाड पटल वापरले म्हणून जेलच मंद ठरते.

पटलाखाली अडकलेला हवेचा बुडबुडा मात्र निराळे प्रकरण आहे. 15 मिलिमीटर व्यासाच्या तोंडाचे क्षेत्रफळ जेमतेम 1.77 चौरस सेंटिमीटर असते. बुडबुडा त्यातलाच तुकडा झाकतो, त्यामुळे उतारच बदलतो आणि रेषा कशीही ओढली तरी ती चूक निघत नाही. म्हणून नमुना काढल्यावर नवे माध्यम, म्हणजे खालचा द्रव, भरताना मी सेल तिरपा धरून बुडबुडा बाजूच्या नळीतून बाहेर काढतो, आणि मगच घड्याळाकडे पाहतो.