बडोद्यातला शेवटचा दिवस, पायी पायी

चार दिवस बडोद्यात होते आणि पहिले तीन दिवस नुसती रिक्षा. लक्ष्मी विलास पॅलेस, कमाटीबाग, म्युझियम सगळं बघून झालं पण गावात काय कुठून कुठे जातं ते काही डोक्यात बसलंच नव्हतं. परतीची गाडी रात्रीची, म्हणून बॅग दांडिया बाजारात मावशीकडेच ठेवली आणि म्हटलं आज रिक्षाला हात करायचाच नाही. मावशीचं एकच, "टोपी घे, आणि पोळांत शिरू नकोस, हरवशील." (पोळ म्हणजे जुन्या वस्तीतल्या अरुंद गल्ल्या.)

आधी तांबेकर वाडा. तीन दिवस त्याच्या जवळून गेले असेन, कधी लक्षच गेलं नाही. भाऊ तांबेकर गायकवाडांचे दिवाण होते, त्यांचं हे घर, लाकडी. बाहेरून काही विशेष नाही हो, पण वर गेलात की भिंती रंगवलेल्या, महाभारत आहे, कृष्णलीला आहे आणि मधेच मराठे-इंग्रजांची लढाई पण. उजेड कमी असतो, डोळे सरावायला दोन मिनिटं द्या, मग एकेक चेहरा दिसायला लागतो. मी पंधरा मिनिटं धरली होती, दीड तास गेला.

मग सूरसागर तलाव, मधे शंकराची मोठ्ठी सोनेरी मूर्ती, एक फोटो आणि पुढे. न्याय मंदिराची, म्हणजे जुन्या कोर्टाची, इमारत मुळात मंडईसाठी बांधली होती असं मावशी सांगते, मला तर ती बाहेरूनच इतकी आवडली की समोर उभी राहून लिंबू सोडा प्यायले.

लहरीपुरा दरवाजातून आत गेलं की जुनं शहर. इथली गंमत म्हणजे मधोमध मांडवी, म्हणजे कमानींची जुनी इमारत, आणि चार दिशांना चार दरवाजे, पश्चिमेला लहरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट. सरळ चार रस्ते, यात कोण हरवणार? मी हरवले. मांडवीवरून पाणीगेटला निघाले, ऊन लागतंय म्हणून सावलीच्या पोळात शिरले, दोन वळणं घेतली, एका ओट्यावरच्या आजींना विचारलं, त्यांनी गुजरातीत सांगितलं, मी मान हलवली आणि बाहेर पडले तर समोर चांपानेर दरवाजा! त्यातच चपलेचा अंगठा तुटला. कोपऱ्यावरच्या चांभारकाकांनी वीस रुपयांत शिवून दिला, तोवर मी एका पायावर उभी.

पाणीगेट राहिलंच. भूक इतकी लागली होती की सरळ सेव उसळ, रस्सा दोनदा मागितला, तिखट वरून घालून घेतलं आणि नाक पुसत खाल्लं. (वरचं तिखट जपून घ्या, मी जपून नाही घेतलं.)

परत येताना घरच्यांसाठी अर्धा किलो लीलो चेवडो, म्हणजे इथला ओला चिवडा, घेतला, तो ओलसर असतो, फार टिकत नाही. मावशीला हरवल्याचं सांगितलंच नाही. गाडीत पुडा उघडला आणि सुरत यायच्या आत अर्धा संपला.